पोषणाचा आकडा शून्यावरच अडकलाय? आधी फोल्डर पाहा

‘द सिम्स ४’ या गेमच्या गरोदरपण-पोषण मॉड (खेळाडूंनी बनवलेली, गेममध्ये टाकायची जोड) वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

‘सिमने (गेममधल्या पात्राने) पोटभर सॅलड खाल्लं, ताटांवर पोषणाची चिन्हंही दिसतात, पण आकडा काही हलत नाही.’ आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार ही. अशा वेळी मॉड बहुतेक बिघडलेला नसतो, त्याचा अर्धाच भाग गेमपर्यंत पोचलेला असतो.

‘द सिम्स ४’साठीच्या या मॉडमध्ये दोन फाइली आहेत. पॅकेज फाइलीत चिन्हं, मूडलेट (सिमची मनःस्थिती दाखवणाऱ्या खुणा) आणि मेनूतली नावं असतात. टीएस४स्क्रिप्ट, म्हणजे स्क्रिप्ट फाइलीत मोजणी असते: कोणी काय खाल्लं, किती खाल्लं, गरोदरपणाच्या कोणत्या टप्प्यात खाल्लं. मॉड्स फोल्डरच्या आत पाच पातळ्यांपर्यंत पॅकेज फाइल कुठेही ठेवली तरी गेम ती शोधतो. स्क्रिप्ट मात्र फक्त एकाच उपफोल्डरपर्यंत वाचतो. म्हणून फाइली दोन फोल्डर आत गेल्या की चिन्हं दिसतात, पण मोजणी सुरूच होत नाही.

हे बहुधा नकळत होतं. विंडोजवर झिप उघडताना ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ दाबलं की झिपच्याच नावाचा नवा फोल्डर तयार होतो. तो उचलून तुम्ही ‘गरोदरपण’ नावाच्या स्वतःच्या फोल्डरात टाकता आणि स्क्रिप्ट दुसऱ्या पातळीवर जाऊन बसते. तेव्हा डॉक्युमेंट्स, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, द सिम्स ४, मॉड्स या वाटेने जा, तिथे एकच फोल्डर करा आणि दोन्ही फाइली थेट त्यात ठेवा. स्क्रिप्ट फाइल उघडून तिच्यातला मजकूर बाहेर काढू नका. ती आतून झिपच असते, त्यामुळे काही प्रोग्रॅम ती आपणहून उघडू पाहतात. पण गेमला ती बंदच लागते. जुनी आवृत्ती पूर्ण काढून मगच नवी टाका. गेम बंद असताना द सिम्स ४ फोल्डरमधली लोकलथंबकॅश फाइल पुसून टाका. गेम ती पुन्हा स्वतः तयार करतो, तुमच्या सेव्हला धक्का लागत नाही.

फाइली जागेवर आहेत आणि तरीही शून्यच? मग गेमचा पॅच (अपडेट) नुकताच आला होता का ते आठवा. प्रत्येक पॅचनंतर गेम मॉड बंद करतो. गेम ऑप्शन्समधल्या ‘अदर’ विभागात दोन खुणा असतात, एक कस्टम कंटेंट आणि मॉडची, दुसरी स्क्रिप्ट मॉडची. पहिली करून दुसरी विसरलात तरी लक्षणं हीच. दोन्ही करा, गेम बंद करून पुन्हा सुरू करा. स्क्रिप्ट चालू झाली असेल तर घर उघडताच वर उजवीकडे आमची आवृत्ती सांगणारी सूचना येते. ती दिसल्याशिवाय पुढे खेळू नका.

आता मोजणीविषयी. सिमचं गरोदरपण साधारण तीन दिवसांचं असतं, म्हणजे साध्या वेगाने खेळताना जेमतेम ७२ मिनिटं. आकडा गर्भधारणेच्या क्षणापासून धावतो, चाचणीपासून नाही. चाचणी होईपर्यंत फक्त झटपट खाणं देत राहिलात, तर पहिल्या टप्प्यातले फोलेटचे (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचे) गुण हातचे जातात आणि ते नंतर भरून निघत नाहीत. हे आम्ही मुद्दाम इतकं कडक ठेवलं आहे. खऱ्या शरीरात बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगतात ते याचसाठी. दुसऱ्या टप्प्यात गुणांमधलं लोहाचं महत्त्व वाढतं, कारण आईच्या रक्ताचं प्रमाण वाढत असतं. तिसऱ्यात कॅल्शियमचं, कारण बाळाच्या हाडांत ते मुख्यतः तेव्हाच साठतं.

गुण ताट रिकामं झाल्यावरच मिळतात. अर्ध्यात कृती रद्द केली तर काहीच मिळत नाही. जेवणानंतर तासाभराच्या आत कॉफी प्यायली तर त्या ताटाचं लोह निम्मं धरलं जातं. सोबत फळ खाल्लं तर वाढतं. बागेत पालकाची भाजी लावून ठेवली असेल तर फोलेटचा पहिला टप्पा सोपा जातो. गाजराने मुलगा, स्ट्रॉबेरीने मुलगी होण्याची शक्यता वाढते, हा गेमचा स्वतःचा नियम आहे. त्याला आम्ही हात लावलेला नाही.

गुण कमी पडले तर सिम लवकर थकते, चक्कर येते, कामात लक्ष लागत नाही. बाळाला इजा किंवा गर्भपात आम्ही ठेवलेला नाही, आणि मागणी आली तरी ठेवणार नाही. आहारात चूक झाली म्हणून बाळ गेलं, असा आरोप खऱ्या आयुष्यात अनेक आयांच्या वाट्याला येतो. तो आमच्या मॉडने पुन्हा करू नये. आमचे गुण हा खेळाचा हिशेब आहे. तुम्ही स्वतः गरोदर असाल तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुसरा गरोदरपणाचा मॉड सोबत चालेल का? बहुधा चालतो. दोन मॉड गेमची एकच ट्यूनिंग फाइल (गेमचे नियम ठरवणारी फाइल) बदलतात तेव्हा त्यातला एकच लागू होतो. आम्ही मूळ फाइल बदलत नाही, स्क्रिप्टमधून तिला जोड देतो. यात मेहनत जास्त लागते, पण तुमचे बाकीचे मॉड शाबूत राहतात. १४ मार्च २०२३ च्या पॅचने इन्फंट (तान्ही बाळं) हा नवा वयोगट आणला. त्याआधीची आमची आवृत्ती असेल तर ती काढून टाका. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मॉड चालत नाहीत, तिथे आमचाही चालणार नाही.

वर्गणीदारांना नवी आवृत्ती तीन आठवडे आधी मिळते, मग ती सगळ्यांना मोफत. मॉड कायम पैशांमागे ठेवायला गेमच्या निर्मात्यांचे नियम परवानगी देत नाहीत, आणि आम्हालाही ते पटतं. वर्गणीचा खरा उपयोग पॅचच्या दिवशी कळतो, कारण दुरुस्त फाइल आधी वर्गणीदारांकडे जाते.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर आम्हाला कळवा. सोबत तीन गोष्टी पाठवा: गेमची आवृत्ती, मॉड्स फोल्डर उघडून घेतलेला स्क्रीनशॉट (आमचा उपफोल्डर उघडलेला दिसायला हवा), आणि द सिम्स ४ फोल्डरमध्ये लास्टएक्सेप्शन फाइल (गेममधल्या बिघाडाची नोंद) तयार झाली असेल तर तीही.