काच स्वस्त, माती महाग

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गावच्या रस्त्याकडेला चर खणला. त्याच जागी, तिसऱ्यांदा. आधी पाण्याच्या पाइपासाठी, मग कसल्याशा केबलसाठी, आणि आता इंटरनेटसाठी. चर बुजवून माणसं निघून गेली. मागे राहिलं ते साकवाजवळ जमिनीतून हातभर वर आलेलं प्लास्टिकच्या नळीचं टोक. इंटरनेट कधी येणार असं गावात विचारलं, की लोक तिकडे बोट दाखवतात. "आलंय की, हे काय!"

ती नळी दिसली की मला इंग्लंडमधल्या लून नदीच्या खोऱ्याची गोष्ट आठवते. लँकेशर परगण्याच्या उत्तरेचा हा भाग. मेंढरं, चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले बांध, आणि एकमेकांपासून लांब लांब असलेली शेतघरं. पंधराएक वर्षांपूर्वी इथे इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, आणि टेलिफोन एक्स्चेंज कित्येक किलोमीटर दूर. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही इंटरनेटचं एक पान उघडायला चहा होईपर्यंत थांबावं लागायचं.

असं का व्हायचं, ते वरातीवरून कळतं. ढोल-ताशा दाराशी असतो तेव्हा दोन्ही ऐकू येतात. वरात लांब गेली की ताशाची कडकड आधी विरते, ढोलाची धमधम मात्र वेशीपलीकडूनही येत राहते. तांब्याच्या तारेतही तेच होतं. माणसाचा आवाज पोचवायला सेकंदाला चार हजार कंपनांपर्यंतचे संकेत पुरतात, म्हणजे तो ढोल. त्याच तारेवरून इंटरनेट पाठवायचं तर दहा-वीस लाख कंपनांपर्यंत जावं लागतं, हा ताशा. तार जितकी लांब, तितके हे वरचे सूर आधी गळतात. एक्स्चेंजशेजारच्या घरात सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाऊ शकणारी जोडणी पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिटवर रखडते. फोनवर बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येतं, त्यामुळे तक्रार केली तर उत्तर मिळतं, लाइन तर चालू आहे!

काचेच्या धाग्याचं, म्हणजे ऑप्टिकल फायबरचं, तसं नाही. त्यातून संदेश जातो तो प्रकाशाच्या रूपात. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काचेत प्रकाश मरतो तो काचेमुळे नव्हे, तिच्यातल्या अशुद्धीमुळे. एक किलोमीटरनंतर निदान एक टक्का प्रकाश उरला तरी संदेश पाठवता येईल, असं त्यांचं गणित होतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मजल गाठली. आज नेहमीच्या वापरातल्या धाग्यात एका किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. अर्धा व्हायला पंधरा किलोमीटर जावं लागतं. ज्या गाभ्यातून हा प्रकाश धावतो त्याची जाडी ९ मायक्रॉन, आपल्या केसाच्या आठव्या हिश्श्याएवढी. काओंना या कामासाठी २००९ साली नोबेल मिळालं.

मग लून खोऱ्यात हा धागा का आला नाही? काच महाग म्हणून नाही. काच स्वस्त आहे. महाग आहे ती माती. डांबरी रस्ता फोडा, वाहतूक वळवा, चर खणा, नळी टाका, पुन्हा रस्ता नीट करून द्या, आणि ज्याच्या जमिनीतून जायचं त्याला मोबदला द्या. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो. दूरसंचार कंपनी मग किलोमीटरमागे घरं किती हे मोजते, आणि मेंढरं धरली तरी हिशेब बसत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या लोकांनी आपलीच संस्था काढली. ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ असं लांबलचक नाव. ते थोडक्यात लिहायचं B4RN आणि उच्चार करायचा 'बार्न', म्हणजे शेतावरचं कोठार. लँकेस्टर विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड आणि शेतकरी कुटुंबातल्या ख्रिस कॉन्डर ही त्यातली पुढची नावं. भांडवल गावकऱ्यांनीच शेअर घेऊन उभं केलं. शेअर कितीही असोत, मत प्रत्येकी एकच. आपल्या सहकारी सोसायटीचा नियम, त्यांना नवा नसला तरी आपल्याला तर घरचाच.

खरी अक्कल त्यांनी लढवली ती मातीच्या बाबतीत. रस्ता सोडायचा आणि शेतातून जायचं. शेत कुणाचं? शेअरवाल्याचंच. जमिनीतून नळी न्यायचा मोबदला शेतकऱ्यांनी सोडून दिला. खणणारेही तेच, कारण ट्रॅक्टर त्यांचे, खोदाई यंत्रं त्यांची, आणि कुठल्या वावरात ओल आहे, कुठे हातभर खाली खडक लागतो हे त्यांना नकाशा न बघता माहीत. खणणाऱ्याला मीटरमागे दीड पौंड, हवे तर शेअरच्या रूपात. आपल्याकडे एखाद्याची नांगरट अडली की शेजारपाजारचे बैल घेऊन येतात आणि जेवूनखाऊन काम उरकून जातात, त्याला इर्जिक म्हणतात. लून खोऱ्यातली ही इर्जिकच, फक्त नांगराच्या तासात बियाण्याऐवजी नारिंगी नळी पडत होती.

हो, आधी नुसती नळी. काचेचा धागा मागून येतो, तोही हवेवर स्वार होऊन. या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मला तो भारी आवडतो.

परकराची नाडी ओवून पाहिली असेल तर अडचण लगेच समजेल. नाडी मागून ढकलली तर गोळा होते, म्हणून पुढे सेफ्टी पिन लावून ओढावी लागते. पण लांब आणि वळणावळणाच्या नळीत ओढण्यालाही मर्यादा आहे. दर वळणाला केबल नळीच्या आतल्या बाजूवर दाबली जाते आणि ताण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.३ धरला तर काटकोनातलं एक वळण ताण १.६ पट करतं. अशी पाच वळणं झाली की पहिल्या ताणाच्या दहापट. काच तेवढी ओढ सोसत नाही.

१९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी यावर तोड काढली. नळीच्या एका तोंडाशी कॉम्प्रेसर लावायचा, दाबाखालची हवा आत सोडायची आणि छोट्या चाकांनी धागा हलकेच आत सरकवत राहायचं. हवा धाग्याच्या शेजारून वेगाने पुढे जाते आणि जाताना त्याच्या अंगाला घासून त्याला सोबत नेते. गंमत अशी की ही ओढ एका टोकाला नसते. धाग्याच्या प्रत्येक वितीला वेगळी, थोडी थोडी, सगळीकडे. ताण कुठेच साचत नाही, म्हणून वळणांचा गुणाकारही सुरू होत नाही. एका दमात किलोमीटरभर धागा निघून जातो. आणि उद्या धागा बदलायचा झाला तर माती पुन्हा उकरावी लागत नाही, नळी तीच.

शेवटचं काम जोडणीचं. धाग्यावरचं प्लास्टिकचं कवच सोलायचं, उघडी काच स्पिरिटने पुसायची, हिऱ्याच्या किंवा तशाच कठीण पात्याने ओरखडा देऊन टोक अगदी सरळ तोडायचं. दोन टोकं पाटीएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, दोन जाड खांबांसारखी. यंत्र त्यांना एका रेषेत आणतं, बारीकशी वीज कडाडते आणि काच वितळून एकजीव होते. गावातल्या बायाबापड्या हे शिकल्या आणि करू लागल्या. हात स्थिर हवा आणि तोडलेला काचेचा तुकडा लगेच डबीत टाकायची सवय हवी. तो चटईवर पडला आणि तळपायात घुसला तर शोधून सापडत नाही.

सुरुवातीला महिना ३० पौंडांत घरोघर १००० मेगाबिटचा वेग मिळू लागला, येतानाही तेवढाच आणि जातानाही तेवढाच. २०१२ च्या अखेरीस सगळ्या ब्रिटनची सरासरी १२ मेगाबिटच्या आसपास होती. आज बार्नची जोडणी दहा हजारांहून अधिक घरांत आहे.

हे वाचून आपल्यातला श्रमदानाचा उत्साह उसळतो. माझाही उसळला होता. पण लून खोऱ्यात एक किलोमीटर जायला दोन-तीन शेतकरी हो म्हणाले की पुरतं. आमच्याकडे एका वावराच्या सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच मुंबईत आणि दोन एकमेकांशी कोर्टात. पुढे वनखात्याची हद्द. आणि महिना ३० पौंड म्हणजे कित्येक घरांचा किराणा. तिथल्या मंडळींकडे कसबी निवृत्त माणसं होती, बचत होती, वेळ होता. हे न सांगता फक्त गोष्टीतलं शौर्य सांगणं मला पटत नाही.

आपल्याकडे प्रश्नाची जागाच थोडी वेगळी आहे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काच न्यायचं ठरवलं. पण पंचायत म्हणजे गाव नव्हे. पालघरसारख्या जिल्ह्यात एका पंचायतीखाली दूर दूर विखुरलेले पाडे असतात, मध्ये ओढे, टेकाडं, जंगल. कार्यालयापर्यंत धागा आला तरी तिथून पाड्यापर्यंत खणत कोण जाणार?

मुंबईच्या आयआयटीत अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती टाळायचीच असं ठरवलं आणि ते ढोलाकडे, म्हणजे कमी कंपनांच्या रेडिओलहरींकडे, वळले. टीव्हीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १५ वाहिन्या बसतात. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करणारं आपल्याकडे तेव्हा फक्त दूरदर्शन. बाकी सगळा देश आधी केबलवर आणि मग छपरावरच्या ताटलीवर गेला. कौलावर चढून अँटेना फिरवणारा दादा आणि खालून "आलं, आलं, गेलं!" ओरडणारी धाकटी, हे चित्र संपलं तेव्हा आकाशात एक प्रशस्त रस्ता मोकळा पडला. या गटाने २०१४ साली मांडलेल्या हिशेबानुसार देशात कुठेही उभं राहिलं तरी या १५ पैकी निदान १२ वाहिन्या रिकाम्या सापडतात.

या लहरींची लांबी साधारण ६० सेंटिमीटर. पानं, फांद्या, कुडाच्या भिंती यांना त्या फारशी दाद देत नाहीत, टेकाडाच्या कडेवरून थोड्या वाकतातही. प्रायोगिक परवाना घेऊन पालघर तालुक्यात खामलोली आणि आसपासच्या सात गावपाड्यांत ही जोडणी उभारली गेली. नंतर ग्राममार्ग या नावाने काम २५ गावांपर्यंत गेलं, तेव्हा मात्र लांबच्या उड्यांसाठी ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला. तिथे परवाना लागत नाही आणि उपकरणं बाजारात सहज, स्वस्तात मिळतात. टीव्हीच्या पट्ट्यासाठीची उपकरणं तेव्हा दुर्मिळ आणि महाग होती. भौतिकशास्त्र ढोलाच्या बाजूने, बाजार ताशाच्या.

आणि ताशा म्हटला की नखरे आलेच. ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पाच सेंटिमीटर. दोन खांब एकमेकांना दिसायला हवेत, तेही नुसते दिसून भागत नाही. खांबांमध्ये पाच किलोमीटर अंतर असेल तर मधोमध, नजरेच्या रेषेभोवती सगळ्या बाजूंनी सुमारे आठ मीटर जागा मोकळी लागते, कारण लहर दोरीसारखी जात नाही, मध्ये फुगलेल्या भोपळ्यासारखी पसरते. आता एप्रिलमध्ये असे दोन खांब उभे केले आणि मधल्या जंगलात साग असला, तर समोरचा खांब लख्ख दिसतो, कारण उन्हाळ्यात सागाला पान नसतं. जुलैत त्याच फांद्यांना सुपाएवढी पानं येतात, पाण्याने भरलेली, ओली. जोडणी मलूल होते आणि सगळे पावसाला शिव्या देतात. पावसाचा यात फारसा दोष नाही. या लहरींना काही किलोमीटरच्या अंतरात पाऊस विशेष अडवत नाही, अडवतं ते पान. म्हणून खांबाची उंची पावसाळ्यातलं जंगल डोळ्यांपुढे ठेवून ठरवावी लागते, आणि ते डोळे गावातल्याच माणसाचे असतात.

ग्राममार्गच्या मांडणीत ग्रामपंचायत भागीदार आहे आणि देखभाल करणारा गावातलाच तरुण. मला हा भाग खांबाहून महत्त्वाचा वाटतो. उभारणीला उत्साह पुरतो, नारळ फुटतो, फोटो निघतात. पण माकडाने वायर ओढली, सौर पट्टीची बॅटरी बसली, कुणाच्या जेसीबीने धागा तोडला, तर त्या दिवशी कोण जातं यावर सगळं अवलंबून. बार्नमध्ये तुटलेली नळी ज्याच्या वावरात असते तो स्वतः शेअरवाला असतो. त्याचंही नेट बंद असतं, घरात पोरं कटकट करत असतात. दुरुस्तीला याहून चांगली प्रेरणा मला माहीत नाही.

परवा साकवाजवळ थांबून आमच्या नळीत डोकावून पाहिलं. आत धागा आहे की नाही ते कळलं नाही. तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय.