सँटोरिनी: कड्यावरच्या पर्यटनाची पार्श्वभूमी

एजियन समुद्रातील सायक्लाडीझ द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला असलेल्या सँटोरिनी बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम 76 चौरस किलोमीटर आहे. 2021 च्या जनगणनेनुसार तेथे साडेपंधरा हजारांच्या आसपास माणसे राहतात आणि 2023 मध्ये तेथे आलेल्या पर्यटकांचा आकडा चौतीस लाखांच्या घरात सांगितला जातो. या गर्दीचे खापर हल्ली समाजमाध्यमांवरील छायाचित्रांवर फोडले जाते. ते अगदीच खोटे नसले, तरी गर्दी कोठे होते, का होते आणि तिला आवरणे इतके अवघड का जाते, या प्रश्नांची उत्तरे बेटाच्या घडणीत आणि 1956 नंतर तेथे घेतल्या गेलेल्या निर्णयांत आहेत.

घडणीपासूनच सुरुवात करावी लागेल. आज ज्याला आपण बेट म्हणतो, ती एका ज्वालामुखीच्या खचलेल्या कुंडाची उरलेली कड आहे. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास येथे झालेला उद्रेक मानवी इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक मानला जातो. नेमक्या वर्षाबद्दल पुरातत्त्वज्ञ आणि कार्बन कालमापन करणारे शास्त्रज्ञ यांच्यात जुना वाद आहे, परंतु परिणामांबद्दल वाद नाही. मधला भाग खचला, समुद्र आत शिरला, आतल्या बाजूला सुमारे तीनशे मीटर उंचीचे सरळ कडे उभे राहिले आणि बाहेरच्या बाजूला समुद्राकडे उतरत जाणारी सपाट, राखाळ जमीन उरली. कुंडातील पाण्याची खोली काही ठिकाणी चारशे मीटरच्या जवळपास जाते. या खोलीमुळे मोठ्या जहाजांना तेथे नांगर टाकता येत नाही, ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब पुढे महत्त्वाची ठरते.

उद्रेकाने बेटावर राखेचे आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखीय दगडाचे जाड थर टाकले. या जमिनीत नदी नाही, झरे जवळपास नाहीत आणि इमारती लाकूड देणारी झाडेही नाहीत. पण राखेचा थर कुदळीने सहज खोदता येतो आणि खोदल्यावर तो उभा राहतो. हीच राख चुन्यात मिसळली की पाण्याला दाद न देणारा मजबूत गिलावा तयार होतो. त्यामुळे येथील लोकांनी कड्याच्या पोटात घरे खोदली, दर्शनी भाग दगडाचा बांधला, छताला लाकडी तुळईऐवजी कमान दिली आणि छतावर पडणारे पावसाचे पाणी टाक्यांत साठवले. आज ज्या गोलाकार, शुभ्र छपरांना सौंदर्याचा नमुना म्हणून पाहिले जाते, त्यांच्या मुळाशी लाकडाची आणि पाण्याची टंचाई आहे. शेतीचेही तसेच. जोराच्या वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून येथे द्राक्षवेल मांडवावर चढवत नाहीत, तिला जमिनीलगत टोपलीसारखे गोल वळवत वाढवतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील द्राक्षबागा फिलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या, पण या राखेच्या जमिनीत ती कीड टिकली नाही. त्यामुळे असिर्टिको जातीचे वेल येथे अजूनही कलम न करता, स्वतःच्या मुळांवर उभे आहेत.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. बेटाचे अधिकृत ग्रीक नाव थिरा असून ‘सँटोरिनी’ हे नाव सेंट आयरीनच्या चर्चवरून लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या, लोकांनी रूढ केले. चौथ्या धर्मयुद्धानंतर, तेराव्या शतकाच्या आरंभी, सायक्लाडीझ बेटे व्हेनिशियन सरदारांच्या ताब्यात गेली, सोळाव्या शतकात ऑटोमन सत्ता आली आणि ग्रीक स्वातंत्र्ययुद्धानंतर बेट नव्या ग्रीक राज्यात सामील झाले. पर्यटनाच्या दृष्टीने यापेक्षा एकोणिसाव्या शतकातील नौकानयन अधिक मोलाचे आहे. उत्तर टोकाला असलेले ओइया हे गाव शिडाच्या जहाजांवर श्रीमंत झाले. येथील गोड व्हिनसांतो वाइन धर्मविधींसाठी रशियात जाई. जहाजांचे मालक आणि कप्तान कड्याच्या माथ्यावर प्रशस्त घरे बांधत, तर खलाशी आणि गरीब कुटुंबे खालच्या उतारावर खोदलेल्या घरांत राहत. आगबोटी आल्या, जहाजधंदा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराकडे सरकला आणि 1917 नंतर रशियाची बाजारपेठही गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओइयाचे वैभव ओसरले होते.

बाहेरून मुद्दाम बेट पाहायला येणारे पहिले लोक अभ्यासक होते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी पूर्वेकडील प्रवासात येथे येऊन गेला. 1866 मध्ये कुंडाच्या मध्यावरील नेआ कामेनी या ज्वालामुखीने पुन्हा तोंड उघडले आणि तो उद्रेक 1870 पर्यंत चालला. तो पाहायला युरोपातील भूगर्भशास्त्रज्ञ आले, त्यांत फर्दिनाँ फुके हा प्रमुख. त्याच दशकात सुएझ कालव्याचे काम सुरू होते आणि त्याच्या बांधकामासाठी पाण्याला टिकणारी ही राख सँटोरिनी व शेजारच्या थिरासिया बेटावरून खणून नेली जात होती. त्या खाणींत राखेखाली गाडलेल्या प्राचीन भिंती उघड्या पडल्या. शतकाच्या अखेरीस जर्मन पुरातत्त्वज्ञ हिलर फॉन गेर्ट्रिंगेन याने मेसा वूनो डोंगरावरील प्राचीन थिरा नगरीचे उत्खनन केले. ग्रीक राष्ट्रीय पर्यटन संस्था 1929 मध्ये स्थापन झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिची पुनर्रचना झाली. तरीही पन्नाशीच्या दशकात सँटोरिनी हे पर्यटकांचे बेट नव्हते. टोमॅटोचा रस आटवणारे कारखाने, वाइन आणि राखेच्या खाणी यांवर ते कसेबसे जगत होते.

9 जुलै 1956 च्या पहाटे, अमोर्गोस बेटाजवळ केंद्र असलेला, सुमारे 7.5 तीव्रतेचा भूकंप झाला. थोड्याच मिनिटांत दुसरा मोठा धक्का बसला आणि एजियन समुद्रात त्सुनामीच्या लाटा उसळल्या. त्रेपन्न माणसे दगावली आणि सँटोरिनीवरील दोन हजारांहून अधिक घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. कड्यावरच्या वस्त्यांना याचा सर्वांत मोठा फटका बसला. सरकारने सपाट भागांत पुनर्वसनाची घरे बांधली, परंतु मोठ्या संख्येने लोक अथेन्सला आणि परदेशी निघून गेले. ओइयातील कितीतरी घरे पुढची दोन दशके पडीक राहिली. पुढे आलेले पर्यटन या रिकाम्या घरांत वसले, आणि म्हणून सँटोरिनीची कहाणी इतर ग्रीक बेटांपेक्षा निराळी आहे. मिकोनोसला जवळच्या डेलोस बेटावरील अवशेषांमुळे येणाऱ्या प्रवाशांचा आधार होता, ऱ्होड्सला आणि कॉर्फूला मोठी बंदरे व तटबंदीची शहरे होती. सँटोरिनीकडे होते ते लोकांनी सोडून दिलेले कडे.

पडझडीनंतर अकरा वर्षांनी बेटाला जगाच्या नकाशावर ठळक करणारी घटना घडली. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस याने 1939 मध्येच असा विचार मांडला होता की, क्रीट बेटावरील मिनोअन संस्कृतीचा ऱ्हास या उद्रेकामुळे झाला असावा. 1967 मध्ये त्याने बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी येथे खणायला सुरुवात केली आणि राखेखाली दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था आणि रंग शाबूत असलेली भित्तिचित्रे असलेले संपूर्ण नगर निघाले. तेथे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, यावरून रहिवाशांना वेळीच निघून जाता आले असावे, असे मानले जाते. 1974 मध्ये उत्खननस्थळीच मारिनातोसचा मृत्यू झाला आणि काम ख्रिस्तोस दूमास यांच्याकडे आले. वृत्तपत्रांनी अक्रोतिरीचे नाते अटलांटिसशी, म्हणजे प्लेटोने वर्णिलेल्या समुद्रात बुडालेल्या बेटाशी, जोडले. या तर्काला भक्कम आधार नाही, पण सहलींच्या जाहिरातींना तो चांगलाच मानवला.

येथील एका भित्तिचित्राचा भारताशी संबंध जोडला गेला आहे, म्हणून थोडे विषयांतर. त्यात खडकांवर चढणारी निळ्या रंगाची माकडे आहेत. ती आफ्रिकेतील असावीत, असे बराच काळ समजले जात होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेपटीच्या ठेवणीवरून ही आपल्याकडची वानरे असावीत असे सुचवण्यात आले, म्हणजे सिंधू खोऱ्यातून मेसोपोटेमियामार्गे प्राणी किंवा निदान त्यांची चित्रे एजियनपर्यंत पोहोचली असावीत. इतर अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली आणि प्रश्न अनिर्णित आहे. तरीही महाराष्ट्रातून जाणाऱ्याने ‘फिरा’ या बेटावरील मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात या चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबावे. ओइयातील सूर्यास्तापेक्षा हा वेळ सत्कारणी लागेल, असे माझे मत आहे. उत्खननस्थळाचे छत 2005 मध्ये कोसळून एक पर्यटक ठार झाला आणि त्यानंतर ते 2012 पर्यंत बंद होते. आता ते नव्या छताखाली पुन्हा खुले आहे.

पायाभूत सोयी सत्तरीच्या दशकात आल्या. 1972 मध्ये मोनोलिथोस येथील विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली, आणि अथिनियोस बंदर व तेथून कडा चढणारा नागमोडी रस्ता झाल्यावर गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटींची सोय झाली. तोपर्यंत प्रवासी फिराच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या बंदरावर उतरत आणि 588 पायऱ्या चालत किंवा खेचरावर बसून चढत. नंतर एका जहाजमालक कुटुंबाच्या देणगीतून रोपवे बांधला गेला. खेचरवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून त्याच्या उत्पन्नातला वाटा त्यांना देण्याची व्यवस्था झाली.

याच दशकात, 1975 पासून, राष्ट्रीय पर्यटन संस्थेने पारंपरिक वस्त्यांच्या जतनाचा कार्यक्रम हाती घेतला. ओइया, खिओस बेटावरील मेस्ता, मानी प्रदेशातील वाथिया, एपिरसमधील पापिगो अशी ओस पडत चाललेली गावे त्यासाठी निवडली गेली. पडक्या घरांचे मालक काही वर्षांसाठी घरे संस्थेच्या हवाली करत, संस्था त्यांची जुन्या पद्धतीने दुरुस्ती करून अतिथिगृहे चालवी आणि मुदत संपल्यावर घर मालकाला परत मिळे. मोठी काँक्रीटची हॉटेले न बांधता गावाचेच हॉटेल करावे, ही कल्पना त्या काळी अभिनव होती. ज्या स्पेनच्या किनाऱ्यांवर त्याच सुमारास बहुमजली इमारती उभ्या राहत होत्या, त्यांच्याशी तुलना केली तर ग्रीक नियोजकांचे श्रेय नाकारता येत नाही. आजच्या टीकाकारांकडून हे श्रेय सहसा दिले जात नाही.

पण या यशातच पुढची अडचण होती. दुरुस्त झालेले घर मालकाला परत मिळाले, तेव्हा त्याची किंमत पार बदललेली होती. खलाशांच्या ज्या गुहा एके काळी गावातील सर्वांत हलकी जागा होत्या, त्या सर्वांत महाग खोल्या झाल्या. धान्य आणि वाइन साठवण्याच्या कोठारांत शयनगृहे आली, पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यांच्या शेजारी पोहण्याचे तलाव आले आणि पाण्यासाठी बेट समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर अवलंबून राहू लागले. येथे विकली जाणारी गोष्ट समुद्र किंवा वाळू नाही. तसे किनारे पूर्वेला कामारी आणि पेरिसा येथे आहेत आणि ते काळ्या वाळूचे आहेत. विकले जाते ते कड्याच्या धारेवरून दिसणारे दृश्य, आणि ती धार काही वाढवता येत नाही. चौतीस लाख माणसांना एकाच अरुंद पट्टीवर, त्यातही सूर्यास्ताच्या एका तासात, उभे राहायचे असते. शिक्षक, डॉक्टर आणि परिचारिका यांना भाड्याने घर मिळणे दुरापास्त झाले आहे. वर्षभर बेट चालवणाऱ्यांसाठी कड्यावर जागा उरली नाही आणि सपाटीवरही भाडी चढली.

क्रूझ जहाजांनी हा ताण आणखी वाढवला. कुंड खोल असल्याने जहाजे धक्क्याला लागत नाहीत. प्रवासी लहान बोटींतून जुन्या बंदरावर येतात आणि तेथून रोपवे, खेचरे किंवा पायऱ्या एवढेच मार्ग असल्याने रांगा लागतात. एप्रिल 2007 मध्ये ‘सी डायमंड’ हे जहाज खडकावर आदळून कुंडात बुडाले, दोन फ्रेंच प्रवासी बेपत्ता झाले आणि जहाजाचा सांगाडा पाण्याखालीच राहिला. तरी जहाजांची संख्या घटली नाही. खेचरांच्या आणि गाढवांच्या हालांवर ओरड झाल्यावर 2018 मध्ये सरकारने त्यांच्यावरील ओझ्याला शंभर किलोची किंवा प्राण्याच्या वजनाच्या एक पंचमांशाची मर्यादा घातली. दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवासी, अशी मर्यादा पालिकेने ठरवली होती, पण जुलै 2024 मधील एका दिवशी अकरा हजार उतरले. 1 जुलै 2025 पासून ऐन हंगामात सँटोरिनी व मिकोनोसवर उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशाला वीस युरो शुल्क लागू झाले. हजारो युरोंची सहल घेतलेला माणूस वीस युरोंसाठी माघारी फिरणार नाही. गर्दीवर खरा परिणाम होतो तो जहाजांना येण्याच्या वेळा वाटून देण्याचा.

त्या हंगामाआधी बेटाने आणखी एक अनुभव घेतला. जानेवारी 2025 च्या अखेरीपासून सँटोरिनी आणि अमोर्गोस यांच्या दरम्यान, म्हणजे 1956 च्या भूकंपाच्याच पट्ट्यात, हजारो लहान-मोठे धक्के बसले. अकरा हजारांहून अधिक लोक बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले, शाळा बंद झाल्या, 6 फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर झाली आणि 10 फेब्रुवारीला 5.3 तीव्रतेचा धक्का नोंदवला गेला. भूगर्भातील शिलारस सरकल्यामुळे हे घडले, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. उद्रेक झाला नाही आणि मोठी हानीही झाली नाही. मात्र कड्यावरच्या बांधकामांचा प्रश्न नव्याने ऐरणीवर आला, कारण 1956 मध्ये कड्यावर गरिबांची घरे होती आणि आज तेथे पोहण्याच्या तलावांचे व पाहुण्यांचे वजन आहे.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांसाठी या पार्श्वभूमीचा व्यवहारात उपयोग एवढाच की, शेंगेन व्हिसा आणि मे महिन्याची शाळांची सुट्टी यांच्या मेळात बसणारा प्रवास बेटाच्या कमी गर्दीच्या काळात पडतो, तर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हे उत्तरेकडचे वारे जोर धरतात आणि फेरीबोटींचे वेळापत्रक विस्कटू शकते. मुक्काम धारेवर न करता पिरगोस किंवा मेगालोखोरी यांसारख्या आतल्या गावांत केल्यास द्राक्षवेलींच्या टोपल्या आणि 1956 नंतरची पुनर्वसनाची कमानदार घरेही पाहायला मिळतात.