सत्राला २२ श्रेयांक आणि विषयाला एक प्राध्यापक

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या लहान महाविद्यालयात बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायला गेले, की अर्जावर अक्षरांची रांग दिसते : मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. प्रत्येकापुढे दोन, चार असा आकडा. सगळ्यांची बेरीज सत्राला २२. वडिलांना विषय माहीत असतात, टक्के माहीत असतात, एटीकेटी तर चांगलीच माहीत असते. हे श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे माप, मात्र नवे वाटतात. खरे तर या मापाला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत आणि ते लहान महाविद्यालयासाठी बेतलेलेच नव्हते.

त्याची सुरुवात अमेरिकेतली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सक्तीचे बहुतेक विषय काढून टाकले आणि विद्यार्थ्यांना आपले विषय निवडायची मोकळीक दिली. प्रत्येकाचे विषय वेगळे झाल्यावर कोणाचे शिक्षण किती झाले, हे मोजायचे कसे, हा प्रश्न आलाच. उत्तर मिळाले ते वेगळ्याच कारणाने. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर देऊन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी संस्था काढली. पैसे कोणत्या महाविद्यालयांना द्यायचे हे ठरवण्यासाठी खरे महाविद्यालय कोणते, याची व्याख्या लागली. प्रवेशाआधी शाळेत प्रत्येक विषय किती तास शिकवला गेला, याचे माप ठरले : वर्षभरात एका विषयाचे १२० तास म्हणजे एक एकक. पेन्शन हवी असलेल्या महाविद्यालयांनी ते स्वीकारले आणि तासांत शिक्षण मोजायची हीच रीत पुढे महाविद्यालयांतही रुजली. आधी निवड आली, माप नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे तो उलटा झाला.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे महाविद्यालयांनी; अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर याच व्यवस्थेतून १८६२ मध्ये पदवीधर झाले. संलग्न महाविद्यालय ही आपली कल्पना तिथली. पुढे औरंगाबादला १९५८ मध्ये, कोल्हापूरला १९६२ मध्ये विद्यापीठ आले, तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघाली, शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरांतली पहिली पिढी पदवीपर्यंत पोचली. त्या महाविद्यालयांचे हे काम फार मोठे आहे आणि त्याची नोंद पुरेशी घेतली जात नाही. पण काय शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधी नव्हता. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे होता. एकक होते वर्ष : टर्म भरायची, मार्च-एप्रिलला परीक्षा द्यायची, राहिलेले विषय एटीकेटीत काढायचे.

श्रेयांक महाराष्ट्रात आले ते आधी शेतीच्या वाटेने, हे फार जणांच्या ध्यानात नसते. देशातली कृषी विद्यापीठे अमेरिकेच्या लँड-ग्रँट, म्हणजे सरकारी जमिनीच्या अनुदानावर निघालेल्या महाविद्यालयांच्या नमुन्यावर उभी राहिली. राहुरीचे १९६८ मध्ये, मग अकोला, परभणी, दापोली. सत्र, क्रेडिट, ग्रेड पॉइंट हे शब्द कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी कला-वाणिज्यच्या मुलांच्या कितीतरी आधी आले. दूरशिक्षणातही श्रेयांक लवकर रुजले. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास. तिथे हे माप शोभलेही, कारण सगळा कारभार एकाच विद्यापीठाच्या हाती होता.

संलग्न महाविद्यालयांची पाळी खूप उशिरा आली. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक आणि श्रेणीची सत्रपद्धत आणली. २०१५ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा आग्रह धरला, दहा गुणांची श्रेणी दिली. लहान महाविद्यालयांत प्रत्यक्षात बदलले ते इतकेच, की वर्षाचा पेपर दोन सत्रांत विभागला गेला, परीक्षा दुप्पट झाल्या आणि गुणपत्रिकेवर एक स्तंभ वाढला. ‘निवड’ हा शब्द नावात होता, वेळापत्रकात नव्हता.

मग २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे नियम झाले : मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतील, जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतील, आणि किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेले असावेत. स्वयम् या ऑनलाइन मंचावरून चाळीस टक्क्यांपर्यंत विषय घ्यायची मुभाही त्याच वर्षी मिळाली. राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढून आराखडा ठरवला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. सत्राचे २२ इथून आले. स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून सुरुवात केली, संलग्न महाविद्यालयांनी पुढच्या वर्षी.

अडचण कळायची असेल, तर श्रेयांकाकडून कार्यभाराकडे पाहावे लागते. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, म्हणजे साधारण आठवड्याला एक तास. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे. पद मंजूर होते ते या तासांच्या हिशोबाने. जिथे मराठीला एक, इतिहासाला एक, अर्थशास्त्राला एक असेच प्राध्यापक आहेत आणि बाकीचा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे, तिथे ओईचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या खुल्या निवडीच्या विषयाचे, चार पर्याय द्यायचे कोणाच्या जिवावर? विद्यार्थी ओई ‘निवडतो’ म्हणजे जो एक विषय शिकवायला माणूस आहे, तो घेतो. पहिल्या वर्षी मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, श्रेयांक कमी झाले, की त्या विषयाचे तास घटतात आणि पदावर गदा येईल ही भीती स्टाफरूममध्ये सतत असते. ही भीती मला खोटी वाटत नाही. आराखडा अनेक विभाग असलेल्या मोठ्या आवाराचा आहे, तो एकाच इमारतीच्या महाविद्यालयाला लावला गेला.

एकत्र येणे हा एक मार्ग राज्याने करून पाहिला आहे. मुंबईत २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था यांना जोडून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले, साताऱ्यात २०२१ मध्ये रयतच्या तीन महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. अशा समूह विद्यापीठात एका महाविद्यालयाचा मुलगा दुसऱ्याकडे विषय घेऊ शकतो. पण ही सारी शहरातली, एकमेकांपासून जवळची महाविद्यालये. तीस-चाळीस किलोमीटरवर दुसरे महाविद्यालय असेल, तर एका तासासाठी तिथे एसटीने जाणार कोण?

श्रेयांक बँकेबद्दल मात्र मला मनापासून आस्था आहे. लग्नामुळे, ऊसतोडीमुळे, घरच्या आजारपणामुळे दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटलेल्या मुलीची दोन वर्षे आधीच्या व्यवस्थेत जवळपास वाया जात. आता तिचे श्रेयांक खात्यावर राहतात, आणि आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर पदविकाही हाती येते. इंटर्नशिपचा एक श्रेयांक ३० तासांचा, म्हणजे हे १२० तास झाले. दूध संघ, पतसंस्था, ग्रामीण रुग्णालय, कारखान्याचे ऑफिस अशा कुठल्यातरी दारात तिला घेऊन जाऊन ते १२० तास मिळवून द्यायचे काम सध्या बहुतेक ठिकाणी त्या विषयाच्या एकट्या प्राध्यापकाकडेच आहे.