इंग्लंडमध्ये जीसीएसईनंतर सिक्स्थ फॉर्मचा प्रवेश: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

इंग्लंडमध्ये मूल इयर इलेव्हनमध्ये गेले की मराठी घरांतल्या मोठ्यांना आपली दहावी आठवते. वयाच्या दृष्टीने ही तुलना बरोबर आहे. जीसीएसईची परीक्षा मूल साधारण सोळा वर्षांचे असताना होते आणि त्यानंतरची इयर ट्वेल्व्ह व थर्टीन ही दोन वर्षे आपल्या अकरावी-बारावीसारखी असतात. त्यांनाच सिक्स्थ फॉर्म म्हणतात. प्रवेशाचा क्रम मात्र उलटा आहे. महाराष्ट्रात आधी निकाल लागतो आणि मग गुणवत्ता यादीकडे डोळे लागतात, तर इथे निकालाच्या सात-आठ महिने आधीच अर्ज करून ठेवायचा असतो आणि ऑगस्टमध्ये निकाल हाती आल्यावर फक्त नावनोंदणी उरते. हा फरक वेळेवर न कळल्यामुळे आमच्या परिचयातल्या दोन कुटुंबांची ऐन ऑगस्टमध्ये फार ओढाताण झाली, म्हणून ही माहिती सविस्तर लिहीत आहे. ती इंग्लंडपुरतीच आहे. स्कॉटलंडची परीक्षापद्धती वेगळी आहे आणि वेल्स व उत्तर आयर्लंडचेही काही नियम निराळे आहेत.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. २०१५ पासून इंग्लंडमधील मुलामुलींना अठराव्या वाढदिवसापर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. पूर्णवेळ शिक्षण, अप्रेंटिसशिप (पगारी काम करत शिकणे), किंवा आठवड्याला २० तास वा अधिक काम अथवा स्वयंसेवा करता करता अर्धवेळ शिक्षण, असे तीन मार्ग त्यासाठी आहेत. पूर्णवेळ शिक्षण शाळेला जोडलेल्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजात किंवा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमही शिकवणाऱ्या फर्दर एज्युकेशन कॉलेजात घेता येते. सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला योग्य जागेचा प्रस्ताव मिळावा याची व्यवस्था स्थानिक कौन्सिलने करायची असते. त्यामुळे निकाल मनासारखा लागला नाही तरी सर्व दारे बंद होत नाहीत, ही गोष्ट वर्षाच्या सुरुवातीलाच मुलाला शांतपणे सांगून ठेवावी. परीक्षेच्या काळात या एका वाक्याचा आधार फार मोठा असतो.

पात्रता

जीसीएसईचे गुणांकन ९ ते १ असे असते आणि ९ ही सर्वोच्च श्रेणी आहे. ४ म्हणजे सर्वसाधारण उत्तीर्ण, तर ५ म्हणजे चांगल्या प्रकारे उत्तीर्ण असे मानले जाते. ए-लेव्हल या दोन वर्षांच्या, विद्यापीठाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजी व गणितासह किमान पाच विषयांत ४ किंवा ५ ही अट असते. त्याखेरीज जो विषय पुढे घ्यायचा आहे त्यात बहुधा ६ किंवा ७ श्रेणी मागतात आणि फर्दर मॅथ्स या गणिताच्या जादा, प्रगत विषयासाठी तर गणितात ७, ८ किंवा त्याहून वरची अपेक्षा ठेवतात. प्रत्येक संस्था आपल्या अटी स्वतः ठरवते. त्यामुळे शेजारच्या मुलाला अमुक श्रेणीवर प्रवेश मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल असे धरून चालू नये, आणि संस्थेच्या माहितीपत्रकात त्याच वर्षाच्या अटी वाचाव्यात.

इंग्रजी किंवा गणितात ४ मिळाले नाहीत तर शिक्षण थांबत नाही. तो विषय पुढील अभ्यासक्रमाच्या जोडीने चालू ठेवावा लागतो. ३ श्रेणी मिळालेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याने जीसीएसईच पुन्हा द्यायची असते. २ किंवा कमी श्रेणी असल्यास फंक्शनल स्किल्स ही व्यवहारोपयोगी इंग्रजी-गणिताची परीक्षाही चालते. या दोन विषयांची फेरपरीक्षा नोव्हेंबरमध्ये देता येते.

वास्तव्याचा प्रश्न आपल्या समाजात सर्वांत जास्त विचारला जातो. आई-वडील नोकरीच्या व्हिसावर असतील आणि मूल अवलंबित म्हणून त्यांच्यासोबत कायदेशीररीत्या राहत असेल, तर सोळा ते अठरा या वयात शासकीय संस्थेत सामान्यतः शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. विद्यापीठात गेल्यावर हिशेब बदलतो. तिथे स्थानिक फी आणि विद्यार्थी-कर्ज मिळण्यासाठी सर्वसाधारण नियमानुसार अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा दर्जा आणि त्याआधीचे तीन वर्षांचे वास्तव्य लागते. ज्यांचा हा दर्जा अजून यायचा आहे, त्यांनी इयर इलेव्हनमध्येच तारखांचा हिशेब मांडावा, कारण दोन वर्षे डोळ्यांदेखत सरतात.

अर्ज कधी आणि कसा

महाराष्ट्रातील अकरावीसारखी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया इथे नाही. काही कौन्सिलांची एकत्रित संकेतस्थळे असली, तरी बहुतेक ठिकाणी प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये संस्था संध्याकाळच्या भेटी ठेवतात, त्यांना ओपन इव्हिनिंग म्हणतात, आणि अर्जाची मुदत साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान संपते. ज्या ठिकाणी गर्दी असते तिथली मुदत त्याहून आधीच असू शकते. अर्जात विषयांची निवड, सध्याच्या शाळेने दिलेल्या अपेक्षित श्रेणी, शिक्षकांचा अभिप्राय आणि मुलाने स्वतः लिहिलेला परिच्छेद मागतात. हा परिच्छेद आई-वडिलांनी लिहून देऊ नये. तो वाचून शुद्धलेखन तपासावे, एखादी राहिलेली गोष्ट सुचवावी, पण शब्द मुलाचेच असू द्यावेत, कारण पुढे विषयांच्या चर्चेत त्याच शब्दांवर प्रश्न येतात.

स्वतःच्याच शाळेत पुढे शिकायचे असेल तरी बहुतेक शाळा अंतर्गत अर्ज भरून घेतात, आणि श्रेणींच्या अटी शाळेतील व बाहेरील विद्यार्थ्यांना सारख्याच असाव्या लागतात. शासकीय शाळांना लागू असलेल्या प्रवेशसंहितेनुसार विषयनिवडीसाठी घेतलेल्या भेटीचा उपयोग जागा द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी करता येत नाही, आणि जागा नाकारली गेल्यास मूल व पालक या दोघांनाही अपील करण्याचा हक्क आहे. सिक्स्थ फॉर्म कॉलेजे आणि फर्दर एज्युकेशन कॉलेजे या संहितेखाली येत नाहीत, त्यामुळे तिथे मुलाखत होऊ शकते.

जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान सशर्त प्रस्ताव येतात. एकापेक्षा अधिक प्रस्ताव हाती ठेवण्यास सहसा आडकाठी नसते, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की किमान एक अर्ज अशा ठिकाणी असावा जिथल्या अटी मुलाच्या सराव परीक्षेतील श्रेणींच्या खाली आहेत. त्याकडे मानहानी म्हणून पाहू नये.

विषयांची निवड

इथे शाखा नसतात. विज्ञान, वाणिज्य, कला अशी विभागणी नसल्यामुळे मूल गणित, इतिहास आणि रसायनशास्त्र असे तीन विषय एकत्र घेऊ शकते. ए-लेव्हलला बहुतेक मुले तीनच विषय घेतात. फर्दर मॅथ्स घेणारी मुले कधी चार घेतात. इतके कमी विषय पाहून पालकांना धास्ती वाटते, पण विद्यापीठांचे प्रस्तावही बहुधा तीन विषयांवरच असतात, त्यामुळे चौथ्या विषयाचा आग्रह धरून तिन्हींच्या श्रेणी खाली आणण्यात लाभ नाही.

मात्र तीनच विषय असल्याने एक चुकला तर पुढची वाट अरुंद होते. वैद्यकशास्त्रासाठी बहुतेक विद्यापीठांत रसायनशास्त्र लागते आणि त्याच्या जोडीला अनेकदा जीवशास्त्र. अभियांत्रिकीसाठी गणित आणि बहुतेक शाखांत भौतिकशास्त्र लागते. संगणकशास्त्राला अनेक नामवंत विद्यापीठे संगणक विषयापेक्षा गणिताला अधिक महत्त्व देतात, आणि अर्थशास्त्राची पदवी अनेक चांगल्या ठिकाणी ए-लेव्हल गणिताशिवाय मिळत नाही, हे कित्येक पालकांना उशिरा कळते. रसेल ग्रुप या विद्यापीठसमूहाचे इन्फॉर्म्ड चॉइसेस हे मोफत संकेतस्थळ यासाठी उपयोगी आहे. त्यावर विषय निवडून पाहिले की कोणत्या पदव्यांची वाट खुली राहते ते दिसते.

ए-लेव्हल हा एकच प्रतिष्ठेचा मार्ग आहे असे आपल्याकडे गृहीत धरले जाते, ते मला पटत नाही. सप्टेंबर २०२० पासून सुरू झालेली टी-लेव्हल ही दोन वर्षांची पात्रता तीन ए-लेव्हलच्या बरोबरीची धरली जाते आणि तिच्यात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किमान ३१५ तास काढावे लागतात. हाताने काम करून शिकणाऱ्या मुलाला ही दोन वर्षे फुलवू शकतात. फक्त मुलाच्या मनातील पदवीला संबंधित विद्यापीठ टी-लेव्हल स्वीकारते का, हे आधी पाहावे.

कागदपत्रे

मुलाचे पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचे बिल किंवा वीज-गॅसचे बिल, शाळेचा ताजा अहवाल आणि निकालाच्या दिवशी मिळणारा श्रेणींचा कागद ही कागदपत्रे बहुतेक ठिकाणी लागतात. विशेष गरजांसाठी कौन्सिलने तयार केलेला ईएचसीपी आराखडा असल्यास त्याची प्रत द्यावी. या मुलांची सिक्स्थ फॉर्मची जागा आराखड्यातूनच ठरते आणि कौन्सिलने ती त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत निश्चित करायची असते, त्यामुळे त्यांची हालचाल इतरांच्या आधी, शरद ऋतूतील वार्षिक आढाव्यापासूनच सुरू व्हावी.

जी मुले ब्रिटिश नागरिक नाहीत, त्यांच्याकडे वास्तव्याच्या दर्जाचा पुरावा मागितला जातो. आता तो ई-व्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन नोंदीच्या स्वरूपात असल्यामुळे शासनाच्या संकेतस्थळावरून ती नोंद संस्थेला पाहता यावी यासाठीचा शेअर कोड काढून द्यावा लागतो, आणि हा कोड ९० दिवसच चालतो. आमच्या घरी मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही मे महिन्यात कोड काढून फाइलमध्ये नीट लावून ठेवला, आणि ऑगस्टअखेरीस नावनोंदणीच्या रांगेत तो बाद झाल्याचे कळले. तेव्हा कोड त्या आठवड्यातच काढावा, आणि मुलाचे ई-व्हिसाचे खाते नव्या पासपोर्टशी जोडलेले आहे ना, हे आधी तपासावे.

मराठी नावांचा एक खास प्रश्न आहे. पासपोर्टवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे असते. शाळेच्या नोंदीत मधले नाव गळलेले असते. कुठे ‘श’च्या स्पेलिंगमधील एखादे अक्षर वेगळे असते. प्रमाणपत्रावर शाळेने परीक्षा मंडळाला कळवलेलेच नाव छापले जाते. परीक्षेपूर्वी शाळा प्रत्येक विद्यार्थ्याला स्टेटमेंट ऑफ एंट्री देते, त्यात विषय, पेपर आणि नाव असते. तो कागद पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. पुढे भारतात प्रवेश घ्यायचा झाला तर हीच अक्षरे अडतात.

जे कुटुंब दहावीनंतर थेट महाराष्ट्रातून इथे येत आहे, त्यांनी दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणावा. काही संस्था यूके एनिक या अधिकृत यंत्रणेकडून भारतीय पात्रतेचे तुलनापत्र मागतात. दहावीत इंग्रजी उत्तम असले तरी काही ठिकाणी इंग्रजीची वेगळी चाचणी घेतली जाते किंवा जीसीएसई इंग्रजी सोबत करायला सांगतात.

परीक्षा आणि निकाल

लेखी परीक्षा मे आणि जूनमध्ये होतात. वाचनाची अडचण, हाताचे दुखणे किंवा दीर्घ आजार असल्यास जादा वेळ अथवा अन्य सवलत मिळू शकते, पण तिचा अर्ज शाळेने काही महिने आधी करायचा असतो. ऐन पेपरच्या दिवशी मूल आजारी पडले किंवा घरात दुःखद घटना घडली, तर त्याच दिवशी शाळेच्या परीक्षा अधिकाऱ्यांना कळवावे. पेपर बुडाला असला, तरी त्या विषयाच्या एकूण मूल्यमापनाचा किमान चौथा हिस्सा मुलाने दिलेला असल्यास विशेष विचार होऊ शकतो.

भारताची तिकिटे काढण्याची घाई करू नये. शेवटच्या पेपरनंतर जूनअखेरीस एक राखीव दिवस असतो, देशभर काही अडथळा आल्यास पेपर त्या दिवशी घेता येतो, आणि तोपर्यंत विद्यार्थ्याने उपलब्ध राहणे अपेक्षित असते. परतीची तारीखही जपून ठरवावी. जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात गुरुवारी लागतो आणि नावनोंदणी त्याच दिवशी किंवा पुढच्या दोन-चार दिवसांत असते. मूल स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र घेऊन दुसरी व्यक्ती निकाल आणू शकते, परंतु नावनोंदणीला मुलालाच यावे लागते. आजीआजोबांकडचे दिवस त्याआधी पूर्ण करून यावेत.

श्रेणी अटीपेक्षा एखाद्या पायरीने कमी आली तर निराश होऊन घरी परतू नये. त्याच सकाळी संस्थेच्या प्रवेश विभागाशी बोलावे. जागा असेल तर विषय बदलून प्रवेश मिळतो, आणि दुसऱ्या प्रस्तावाचा उपयोग होतो तो याच वेळी. फेरतपासणीचा अर्ज शाळेमार्फत आणि विद्यार्थ्याच्या लेखी संमतीनेच करता येतो. तिच्यात श्रेणी वाढू शकते तशी कमीही होऊ शकते, म्हणून आधी शिक्षकांकडून उत्तरपत्रिकेविषयी मत घ्यावे.

सप्टेंबरच्या आत आणखी एक काम उरकावे. ज्यांना चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मिळते, त्यांचे ते सोळाव्या वाढदिवसानंतरच्या ३१ ऑगस्टला थांबते. मूल आठवड्याला सरासरी १२ तासांहून अधिक मान्य शिक्षण घेत आहे असे कर विभागाला कळवल्यास ते चालू राहते. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट आहे त्यांनी हा लाभ घेऊ नये. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी संस्थांकडे सोळा ते एकोणीस वयोगटाचा बर्सरी निधी असतो, आणि तो मागण्यात संकोच बाळगू नये.

ऑगस्टमध्ये मिळतो तो केवळ निकालाचा कागद असतो. मूळ प्रमाणपत्रे शाळेत नोव्हेंबरच्या सुमारास येतात. मूल दुसऱ्या संस्थेत गेले असेल तर जुन्या शाळेत जाऊन ती आणण्याचे राहून जाते. शाळांनी ती किमान १२ महिने सांभाळायची असतात, त्यानंतर नवी प्रत परीक्षा मंडळाकडून पैसे भरून मागवावी लागते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीचे बेत आखतानाच जुन्या शाळेला फोन करून तारीख विचारून घ्यावी.