टर्बो गेला की अ‍ॅक्च्युएटर?

कात्रजचा घाट चढताना डिझेल गाडीचा पिकअप मेला, चेक इंजिनचा दिवा लागला, की निदान ठरलेलं: ‘टर्बो गेला.’ पुष्कळदा इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो धडधाकट असतो. त्यातल्या, धुराचा झोत वळवणाऱ्या पात्यांचा कोन बदलणारा व्हॅक्यूम अ‍ॅक्च्युएटर किंवा त्याची वीतभर रबरी नळी दगा देते. (इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटरवाल्यांना पुढची परीक्षा लागू नाही.)

टर्बो खरंच गेला तर ऑइल आणि आवाज बोलतात: निळा धूर, सायरनसारखी शिट्टी, इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) पाइपात साचलेलं ऑइल. पाइप आतून नुसता ओशट असेल तर घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत आत नेणारी नळी) तेवढं येतंच. अ‍ॅक्च्युएटर मात्र गुपचूप मरतो. खालच्या आरपीएमला गाडीत जीव नाही, रेस दिली की काळा धूर, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड.

इंजिन गार असताना अ‍ॅक्च्युएटरला गेजवाला हातपंप लावा आणि ५०० मिमी पाऱ्यापर्यंत व्हॅक्यूम ओढा. दांडी साधारण एक सेंटिमीटर, न अडखळता सरकली पाहिजे आणि काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. काटा पडला तर आतला रबरी पडदा (डायफ्राम) फाटलाय. काटा टिकला पण दांडी अडकतेय, तर तिची जोड सोडून टर्बोचा लिव्हर हाताने हलवा. तोही जड असेल तर पात्या काजळीने चिकटल्यात. अ‍ॅक्च्युएटर बदलून काही होणार नाही. बंद स्थितीत चिकटल्या तर उलट पी०२३४, म्हणजे दाब जास्त झाल्याचा कोड येतो: चढावर गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे जपून ताकद कमी करते, किल्ली बंद-चालू केली की तात्पुरती शहाणी होते.

दोन्ही ठीक निघाले तर इंजिन चालू करून गाडीच्या व्हॅक्यूम पंपापाशीच मोजा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचाच दाब ७१० मिमीच्या आसपास. त्यामुळे मुंबईपेक्षा काटा ५० मिमी कमी दाखवला म्हणून पंप बदलू नका. त्याहून बराच कमी असेल आणि ब्रेक पेडलही कडक लागत असेल, तर मात्र पंपच बघा. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम तोच पुरवतो. पंपापाशी भरपूर आणि अ‍ॅक्च्युएटरपाशी तुटपुंजा, तर नळी किंवा सोलेनॉइड (मधला विजेचा व्हॉल्व्ह).

टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित प्ले (ढिलेपणा) असतोच. आत-बाहेर हलणं बोटाला जाणवलं किंवा त्यावरचं पंख्याचं चाक केसिंगला घासलं, तर टर्बो संपला. नवा बसवण्याआधी ऑइलची परतीची नळी आणि ब्रीदर साफ करा, नाहीतर नवाही ऑइल फेकेल. आणि लिव्हरच्या स्टॉप स्क्रूला पाना लावू नका. त्याची सेटिंग फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणारं यंत्र) केलेली असते, अंदाजाने परत जुळत नाही.