खाणीतलं खनिज कंपन्या फुकट नेतात का?

‘खाण कंपन्या आपलं लोखंड फुकट उचलून नेतात, जनतेला एक पैसाही मिळत नाही,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची चीड मला समजते. धूळ गावानं खायची आणि नफा दुसऱ्यानं न्यायचा, हे डोळ्यांसमोर दिसतंच. पण ‘फुकट’ हा शब्द चुकीचा आहे.

लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या 15 टक्के रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याचा मोबदला, राज्य सरकारला मिळते. समजा, ही किंमत टनाला 4000 रुपये आहे, तर रॉयल्टी 600 रुपये. त्याशिवाय खाणींची झळ बसलेल्या गावांसाठीच्या जिल्हा खनिज निधीत रॉयल्टीच्या 30 टक्के, म्हणजे 180 रुपये जातात. हा दर 12 जानेवारी 2015 पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे खाणीच्या भाडेकरारांचा. त्यानंतर लिलावानं दिलेल्या पट्ट्यांसाठी तो 10 टक्के, म्हणजे 60 रुपये. मात्र लिलावात कंपनी खनिजाच्या किमतीचा आणखी काही टक्के हिस्सा देऊ करते. बोली 50 टक्क्यांची असेल तर टनामागे 2000 रुपये वेगळे!

खरा प्रश्न इथे आहे. लिलावाशिवाय दिलेल्या जुन्या पट्ट्यांवर हा हिस्सा नव्हता. गोव्यात तर पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-हक्कांचेच 1987 मध्ये पट्टे झाले. तिथे मोबदला अपुरा होता, असं माझं मत आहे.

पडताळायचं असेल तर रॉयल्टीचे दर 1957 च्या खाण व खनिज कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पाहा. आपल्या जिल्ह्याच्या खनिज निधीत किती जमा झाले आणि कोणत्या गावावर खर्च झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं.