इंजिनपेटीचे ध्वनिरोधक अस्तर व त्याचे नूतनीकरण

नावेच्या पोटात बसवलेल्या इंजिनावर लाकडाची, पत्र्याची किंवा फायबरची जी पेटी झाकण म्हणून असते, तिच्या आतल्या अंगाला आवाज शोषणारे आणि अडवणारे थर चिकटवलेले असतात. या थरांना मिळून ध्वनिरोधक अस्तर म्हणतात. उष्णता, तेलाची वाफ आणि ओल यांच्या माऱ्याने ते कालांतराने सुटते, फुगते किंवा त्याचा भुगा होतो. अशा वेळी ठिगळे न लावता ते संपूर्ण खरवडून काढून नवे बसवणे हाच खरा उपाय होय.

विदर्भात हा प्रश्न मोजक्याच नावांपुरता मर्यादित आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातील) तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा डोंगा वल्ह्यावर किंवा बांबूवर चालतो, आणि नावेच्या कडेवर टांगायच्या सुट्या इंजिनाला अशी पेटी नसते. मात्र 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा वैनगंगेवरील विस्तीर्ण जलाशय, रामटेकजवळचा खिंडसी तलाव, पेंचचा तोतलाडोह अशा मोठ्या पाण्यावर प्रवासी, पर्यटक किंवा गस्तीचे कर्मचारी नेणाऱ्या मोटारबोटी चालतात. ज्या बोटीत डिझेल इंजिन मधोमध असते आणि पेटीचे झाकण बसायच्या बाकासारखेही वापरले जाते, तिथे अस्तर गेले की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. बोट चालवणारा तर दिवसभर त्याच गोंगाटात असतो. भारतातील कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या कामाला 90 डेसिबलची मर्यादा धरली जाते, आणि उघड्या डिझेल इंजिनाजवळचा आवाज ती सहज ओलांडू शकतो.

अस्तराचे काम दोन वेगळ्या गुणांवर चालते आणि गावपातळीवरच्या बहुतेक चुका हे दोन गुण एकच समजल्याने होतात. स्पंजासारखा मोकळ्या छिद्रांचा फोम आवाज शोषतो, म्हणजे पेटीच्या आत ध्वनीची जी आदळआपट चालते ती कमी करतो. परंतु ज्यातून फुंकर पार जाते त्यातून आवाजही पार जातो. आवाज बाहेर पडू न देण्याचे काम वजनाचे आहे, आणि त्यासाठी फोमच्या दोन थरांमध्ये जड, लवचिक रबरी किंवा विनाइलची चादर घालतात. एका चौरस मीटरला साधारण 5 किलो वजनाची चादर या कामासाठी नेहमी वापरली जाते. वजन दुप्पट केले की अडवला जाणारा आवाज तत्त्वतः 6 डेसिबलने वाढतो. शोषणालाही मर्यादा आहे: ध्वनिलहर जितकी लांब, तितका ती शोषायला फोम जाड लागतो. हवेतील 1000 हर्ट्झच्या (सेकंदाला 1000 कंपनांच्या) आवाजाची लहर सुमारे 34 सेंमी, तर 100 हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. त्यामुळे 25 मिमी जाडीचा फोम टॅपेटची (झडपा हलवणाऱ्या भागाची) खडखड आणि इंजेक्टरची टिकटिक खातो, पण इंजिनाचा जाडा धडधडाट त्याला दाद देत नाही. मिनिटाला 1800 फेरे घेणाऱ्या दोन सिलिंडरी चार-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला 30 स्फोट होतात, यावरून तो आवाज किती खालच्या पट्टीतला असतो ते कळेल. म्हणूनच पेटीला आतून गादीचा फोम, बारदाना किंवा थर्माकोल चिकटवून फारसे काही हाती लागत नाही. थर्माकोल हलका असतो, आवाज शोषत नाही आणि पेट चटकन घेतो, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

फोम झिजण्याची कारणे रासायनिक आहेत. पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम उष्ण आणि दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटत जातो. बोट लावले की तो चिकट लगदा किंवा पिवळट भुकटी होऊन हाताला येतो. पॉलिइथर जातीचा फोम ओलीपुढे अधिक टिकतो, म्हणून खरेदीच्या वेळी जात विचारून घ्यावी. सुटलेला भुगा निव्वळ कुरूप दिसतो एवढ्यावर भागत नाही. तो इंजिनाच्या हवेच्या फिल्टरवर जमतो, पट्ट्यात अडकतो, तळाच्या पाण्यात पडून उपसा पंपाची जाळी बुजवतो. तेल प्यालेला फोम तर आगीला आमंत्रणच असतो, आणि जळताना तो कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सोडतो.

काढण्याचे काम बसवण्यापेक्षा किचकट आणि अधिक महत्त्वाचे आहे. पेटी शक्यतो उचलून काठावर, झाडाच्या सावलीत न्यावी. पुट्टीच्या पट्टीने फोम खरवडावा, उरलेला जुना डिंक थिनरने भिजवून तारेच्या ब्रशने काढावा, शेवटी तेलाचा अंश जाईपर्यंत साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पेटी पूर्ण वाळवावी. जुन्या बोटींच्या अस्तरात जड थर म्हणून शिशाचा पातळ पत्रा असण्याची शक्यता असते. नखाने ओरखडा उठणारा, करडा, मऊ पत्रा दिसला तर तो घासू नये, भंगारात वेगळा द्यावा, आणि जुना फोम काठावर जाळू नये.

नवे तुकडे कापण्यापूर्वी आत जागा किती आहे ते मोजावे लागते, आणि त्याची एक सोपी रीत आहे: इंजिनाच्या उंच भागांवर कणकेचे गोळे ठेवून पेटी बसवावी व पुन्हा उचलावी, दबलेल्या गोळ्यांची जितकी उंची उरते तितकीच मोकळी जागा असते. इंजिन रबरी पायांवर हलत असल्याने सगळी जागा अस्तराने भरून चालत नाही, आणि एक्झॉस्टच्या समोरच्या भागात अस्तर लावण्याऐवजी मधे हवा ठेवून पत्र्याची आड करावी. वरचा चेहरा ॲल्युमिनियमच्या वर्खाचा असलेले अस्तर घ्यावे, कारण वर्ख तेल आत जाऊ देत नाही. कापलेल्या कडा मात्र उघड्याच राहतात आणि तिथूनच डिझेल फोममध्ये चढते. त्या प्रत्येक कडेवर, पेटीच्या कोपऱ्यांतसुद्धा, वर्खाची चिकटपट्टी फिरवणे टाळू नये.

चिकटवण्यासाठी रेक्झिनवाले वापरतात तसला डिंक दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून, बोटाला न चिकटण्याइतका सुकू देऊन मग दाबतात. इथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. पाणी ओसरून बोटी काठाला लागतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि त्या दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास असताना दुपारी लावलेला डिंक पसरण्याआधीच वाळतो. पावसाळी हवेत उलट त्यावर ओल धरते. तेव्हा उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी उरकणे बरे. डिंकाच्या वाफा पेट घेणाऱ्या असतात, त्यामुळे जवळ विडी-चूल नसावी. केवळ डिंकावर विसंबणे योग्य नाही. झाकणाच्या छताला लावलेले अस्तर उष्णतेने सुटून चालत्या पट्ट्यावर पडू शकते, म्हणून तिथे रुंद वॉशरचे स्क्रू किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मारल्याच पाहिजेत.

एवढे करूनही आवाज कमी वाटत नसेल तर फटी पाहाव्यात. पेटीच्या पृष्ठभागाच्या अवघा 1 टक्का भाग उघडा असला तरी, अस्तर कितीही जड असो, एकूण रोध 20 डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. पेटीच्या बुडाला सभोवार मऊ रबरी पट्टी, झाकणाला घट्ट ओढणाऱ्या कड्या, आणि नळ्या-वायर जिथून जातात तिथे रबराचे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) यांवर होणारा थोडका खर्च महागड्या फोमपेक्षा अधिक फळ देतो. अर्थात इंजिनाला श्वास हवाच. त्यासाठीची वाट सरळ भोकाऐवजी आतून फोम लावलेल्या, एकदोन वळणे घेणाऱ्या खोक्यातून न्यावी, म्हणजे हवा जाते आणि आवाज वळणावर मरतो. शेतीपंपाचे हवेने थंड होणारे इंजिन बोटीवर चढवलेले असेल तर ते असे बंदिस्त करू नये. त्याचे डोके तापून ते जाम होईल.

इंजिनाच्या पायांचे रबर कडक झाल्याने किंवा शाफ्ट वाकडा फिरत असल्याने बोटीच्या तळातून माणसाच्या पायांना जाणवणारी थरथर हवेवाटे येत नाही, लाकडातून व लोखंडातून येते. ती रबर बदलून आणि शाफ्ट सरळ रेषेत बसवूनच घालवावी लागते. अस्तराचा तिच्यावर काही परिणाम होत नाही.